'नीडी' या शब्दाबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि त्या एका शब्दापाशीच थांबलो. 'तू फार नीडी आहेस' असं तुझी मैत्रीण म्हणाली आणि तेव्हापासून तू आपणहून कुणाला फोन करणंच सोडून दिलंस! शब्दकोश उघडूनही समाधान झालं नाही म्हणतोस. कसं होणार? कोशातला पहिला अर्थ तुला लागूच पडत नाही.

तो अर्थ गरजू असा आहे. ज्याला अन्न-वस्त्र-निवाऱ्याची ददात आहे, तो नीडी. कित्येक शतकं इंग्रजीत हा शब्द याच अर्थाने नांदला. १६११च्या किंग जेम्स बायबलात चाळिसाव्या स्तोत्राच्या शेवटी कवी स्वतःलाच 'पुअर अँड नीडी' म्हणवतो आणि तरीही प्रभूला माझी आठवण आहे, असं लगेच पुढे सांगतो. त्यात लाज कुठेच नाही. 'द' जोडून 'द नीडी' म्हटलं की सगळे गरजू लोक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. १९१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने शहरातल्या शंभर अत्यंत गरजूंच्या कहाण्या छापून वाचकांना मदतीचं आवाहन केलं, तेव्हा मथळ्यात 'नीडिएस्ट' हाच शब्द होता. तो वाचून वाचकांनी खिशात हात घातला.

तुला लागलेला अर्थ मात्र अलीकडचा आहे. ज्याला सतत लक्ष हवं, धीर हवा, 'मी तुला आवडतो ना?' याची पुनःपुन्हा खात्री हवी, त्याला आता नीडी म्हणतात. हा शब्द बहुधा एकाच माणसावर येतो, आणि त्याच्या आधी 'सो' किंवा 'टू' लागतं. 'क्लिंगी' त्याच्या जवळचा, पण क्लिंगी म्हणजे आपल्याकडचा गळेपडू. तिथे चिकटून राहणं दिसतं. नीडीमध्ये आतली भूक दिसते. मराठीतल्या 'गरजू'ला ही दुसरी छटा नाही. गरजू म्हटलं की आपण मदतीला पुढे होतो, नीडी म्हटलं की ऐकणारा एक पाऊल मागे सरतो. मला हे फार खटकतं. पहिल्या अर्थात गरज ही सगळ्यांची जबाबदारी ठरते, दुसऱ्यात ती गरज असणाऱ्याचाच दोष होऊन बसते.

शिवाय या दुसऱ्या अर्थाला माप नाही. कुणाला दिवसातून एक फोन जास्त वाटतो, कुणाला तीन कमी. म्हणजे 'तू नीडी आहेस' या वाक्यात बोलणाऱ्याची देण्याची ताकदही मोजलेली असते, फक्त ती उच्चारली जात नाही.

आणि जवळिकीची गरज ही उणीव नाहीच. मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. पिल्लांना दोन कृत्रिम आया दिल्या होत्या, एक तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं, तरी पिल्लं दूध पिऊन मऊ कापडाच्या आईलाच बिलगून राहायची. मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मुलांना आईची, जवळच्या माणसाची ओढ का असते याचा सिद्धान्त मांडला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांच्या निरीक्षणांत तर आईबद्दल निर्धास्त असलेली मुलंच नव्या खोलीत मोकळेपणाने फिरताना दिसली. १९८७मध्ये हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी हाच विचार मोठ्यांच्या प्रेमाला लावला. आधाराची खात्री असली की माणूस मोकळा होतो; तुटक वागून तसं होत नाही.

तरीही हा शब्द सरसकट खोटा आहे असं मी म्हणणार नाही. उत्तर मिळाल्यावरही पाच मिनिटांनी तोच प्रश्न, मेसेजला उशीर झाला की रुसवा, समोरच्याच्या मित्रांबद्दल चौकशी, हे खरंच थकवतं. तिथे तो शब्द बसतो. पण वडिलांच्या ऑपरेशनच्या काळात रात्री कुणी तरी चार शब्द ऐकून घ्यावेत असं वाटणं त्यात मोडत नाही. तिथे इंग्रजीतही 'इन नीड' म्हणतात, नीडी नाही. पहिल्यात माणसाची अवस्था सांगितली जाते, दुसऱ्यात त्याचा स्वभाव ठरवून टाकला जातो.

म्हणून मला एवढंच सांग, ती हे म्हणाली तेव्हा तू नेमकं काय मागत होतास? तेच वाक्य जसंच्या तसं लिहून पाठव. आणि वडिलांची तब्येत आता कशी आहे, तेही कळव. रात्री झोप लागली नाही तर सरळ फोन कर, मी उचलेन.

तुझा,
जुना मित्र