शाळा बंद होते, तेव्हा रजिस्टरे कुठे जातात?

संपादक महोदय,

पटसंख्या घटली की सरकारी प्राथमिक शाळा जवळच्या शाळेत विलीन होते. मुले, बाके, फळे सगळे मोजून दिले-घेतले जाते. जुन्या दप्तराची मात्र ताबेयादीत एकच ओळ असते: ‘रजिस्टरे, १२ नग’. कोणत्या सालापासूनची, कितव्या नोंदीपर्यंतची, काही नाही. पुढे त्यातले एखादे हरवले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. वीस-तीस वर्षांनी कोणी दाखल्यासाठी आला की मगच ते सापडत नसल्याचे कळते.

मुक्तीनंतर गोव्यात गावोगावी, वाड्यावाड्यांवर सरकारी शाळा उघडल्या. त्या काळापासूनचे जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, हा त्या वाड्याचा इतिहासच. त्यात मुलाचे जन्मस्थान, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असते. प्रवेश अर्जावर पालकाचा धंदा मिळतो. भाटकार (जमीनमालक), मुंडकार (त्यांच्या जमिनीवर घर करून राहणारे), रेंदेर (माडी काढणारे) यांच्या मुलांनंतर बांधकामावर परराज्यांतून आलेल्या कामगारांची मुले कधी येऊ लागली, हे पणजी-मडगाव-वास्कोसारख्या शहरांत याच रकान्यांतून वर्षवार दिसते. इतके नेमके सांगणारे दुसरे साधन वाड्यापाशी क्वचितच असते.

म्हणून ताबेयादीत प्रत्येक रजिस्टराची वेगळी ओळ हवी: पहिला आणि शेवटचा नोंदणी क्रमांक, पहिली आणि शेवटची तारीख, एकूण पाने, फाटलेली पाने. शेरेबुकही, म्हणजे तपासणीला आलेल्यांच्या शेऱ्यांची वहीही, यादीत घ्यावे. ते रद्दीत जाते, आणि शाळा कधी भाड्याच्या घरात भरत होती, छप्पर कधी गळत होते, हे त्यातच असते.

आपल्या पावसात कागद टिकवणे कठीण, आणि बरेच नुकसान चांगल्या हेतूने होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर काढताच येत नाही. भिजलेले रजिस्टर उन्हात घातले की शाई उडते आणि कागद कडक होतो. ते सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून सुकवावे. बांधणीच्या खळीवर कसर ही कीड जगते. तेव्हा बासनासाठी, म्हणजे रजिस्टर गुंडाळायला, मांजरपाट वापरावा, पण खळ जाईपर्यंत धुऊन घेतलेला. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर उचललेले असावे आणि खालचा कप्पा रिकामा ठेवावा. वाळवी तिथूनच चढते.

मूळ रजिस्टर ज्या शाळेत विलीनीकरण झाले त्या शाळेकडेच राहावे, कारण दाखले तिथूनच द्यावे लागतात. मात्र हलवण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा. दोन माणसे पुरतात: एक पाने उलटणार, दुसरा स्टँडवरच्या मोबाईलने टिपणार. खिडकीचा उजेड बाजूने यावा, फ्लॅश नको. फोटोच्या नावात शाळा, रजिस्टर आणि पान क्रमांक घालावा. नाहीतर हजार फोटोंचा ढीग होतो आणि कशाचाच उपयोग होत नाही. एक प्रत शाळेत, एक भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे.

ही माहिती वर्गात शिकवायलाही वापरता येते, पण मुलांच्या हाती मूळ रजिस्टर देऊ नये. जात, जन्मतारीख, नावे वगळून फक्त साल आणि जन्मस्थान उतरवलेला तक्ता द्यावा. तिसरी-चौथीची मुले दहा-दहा वर्षांचे गट करून रेघा मारून मोजू शकतात आणि नकाशावर ठिपके देऊ शकतात. परिसर अभ्यासाला याहून जवळचे साहित्य कुठले? पणजीच्या मळा भागातल्या मुलांनी तिथली फेनिक्स झर पाहावी, आजीआजोबांना पाणी कुठून भरत होता ते विचारावे. पणजीतल्या ‘१८ जून’ रस्त्यावरून रोज जाणाऱ्या मुलाला १९४६ साली त्या दिवशी मडगावात डॉ. लोहियांची सभा झाली होती, हे पाठ्यपुस्तकाआधी रस्त्याच्या पाटीवरून कळावे.

१५९५ साली सुरू झालेला दप्तरखाना आज पुराभिलेख खाते म्हणून पणजीतच आहे. त्यांनी प्रत्येक तालुक्यात मुख्याध्यापकांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे, आणि शिक्षण खात्याने ताबेयादीचा वरील नमुना परिपत्रकाने लागू करावा. पुढच्या विलीनीकरणाच्या आदेशासोबतच तो नमुना जोडलेला असावा.

— सरकारी प्राथमिक शाळांतील काही निवृत्त शिक्षक, पणजी