मगर फेसबुकवर सोडू नकोस

प्रिय मंद्या,

इंग्रजी मासिकांना पाठवायची म्हणतोस ती तुझी मगरीची गोष्ट वाचली, लगेच परत वाचली, फोनवर नीट बोलणं होत नाही म्हणून हे लांबलचक टाइप करतोय. पहिलं म्हणजे ती फेसबुकवर टाकू नकोस. मासिकांना फर्स्ट राइट्स हवे असतात, म्हणजे पहिल्यांदा छापायचा हक्क, आणि सगळ्यांना दिसणारी पोस्ट बहुतेक संपादक छापलेलीच धरतात. मग ती रीप्रिंट ठरते, पैसे कमी आणि घेणारे मोजकेच. आईंना सुरतेला गेल्यावर वाचून दाखव की.

आता गोष्ट. विश्वामित्री नदीला पूर आला आणि मगर पार्किंगमध्ये आली यात बडोद्यात कोणाला नवल नाही, २०२४ च्या ऑगस्टमध्ये बघितलंच सगळ्यांनी. पण ती सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी मागते तिथे मी एकटाच मोठ्यानं हसलो, बायको बघायला आली काय झालं म्हणून. फक्त ते येतं दुसऱ्या पानावर! त्याआधी पाऊस, काकांची स्कूटर, आजवा धरणातून किती पाणी सोडलं... अरे फ्लॅश म्हणजे अगदी छोटी गोष्ट, बहुतेक ठिकाणी १००० शब्दांच्या आत, तुझी तेराशेच्या वर गेलीये. मगरीनं पहिल्याच परिच्छेदात तोंड उघडलं पाहिजे. आणि सेव उसळ म्हणजे काय ते समजावत बसू नकोस, लंडनच्या वाचकालाही थकबाकी कळते. खजिनदार तिला पावती फाडून देतो तो शेवट मात्र आहे तसाच ठेव, फार भारी आहे.

कुठे पाठवायची? विज्ञानाचा धागा जरा घट्ट केलास तर नेचर या विज्ञान साप्ताहिकाचं फ्युचर्स हे कथांचं सदर बघ, १९९९ पासून आहे, पण त्यांना ८५० ते ९५० शब्दच लागतात. फ्लॅश फिक्शन ऑनलाइन हे मासिक ५०० ते १००० घेतं. क्लार्क्सवर्ल्ड हे विज्ञानकथांचं मासिक सोड, तिथे १००० च्या खाली चालतच नाही. बाकीची मासिकं सबमिशन ग्राइंडर या वेबसाइटवर शोध, फुकट आहे, कोण किती दिवसांत उत्तर देतं तेही कळतं. अमेरिकेतली विज्ञानकथा लेखकांची संघटना शब्दाला ८ सेंट हा प्रो, म्हणजे व्यावसायिक दर धरते, म्हणजे ९०० शब्दांचे ७२ डॉलर. आधी चांगले पैसे देणारे, मग खालचे, उलट करू नकोस. एकाच वेळी दोघांकडे पाठवणं काहींना चालतं, काहींना अजिबात नाही, तेव्हा गाइडलाइन्स अक्षरन् अक्षर वाच. गोष्टीसोबतचं पत्र दोन ओळींचं, त्यात कथासार नको. नकार आला तर वाद घालायला मेल करू नकोस (तुला ओळखतो म्हणून सांगतोय).

आणि ते मराठी ड्राफ्ट एआयला देऊन इंग्रजी करून घ्यायचं म्हणतोयस ना, ते डोक्यातून काढ. २०२३ च्या फेब्रुवारीत मशीननं लिहिलेल्या गोष्टींचा एवढा लोंढा आला की क्लार्क्सवर्ल्डला काही दिवस सबमिशन बंद करावं लागलं, तेव्हापासून बरेचजण एआय वापरलं का ते स्पष्ट विचारतात. तुझं इंग्रजी जरा ओबडधोबड आहे पण मगर त्यातच बरी बोलते, व्याकरण मी बघतो.

काही मासिकं लेखकाचं नाव काढून फाइल मागतात, म्हणजे नाव न बघता गोष्ट वाचतात, त्याला वैतागू नकोस, उलट आपल्यासाठी बरंच आहे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला गोष्ट नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतलेली, आणि बक्षीस आलं. त्यांना नाव लपवायचं होतं, आपल्याला कोण ओळखतंय म्हणा.

रविवारपर्यंत कापून पाठव. वहिनींना नमस्कार. आणि हो, मगरीचं नाव बदल, ते आमच्या चेअरमनचं आहे आणि ते गृहस्थ सगळं वाचतात.

तुझा,
अव्या