जोग्जाहून पत्र: दोन नाग, एक राजवाडा आणि आपले शिपाई

प्रिय पक्या,

तू तीन वेळा विचारलंस की जोग्जाला जाऊन आलास तर फोटो कुठंयत, आणि मी नुसते अंगठे पाठवत राहिलो, सॉरी यार. फोटो काढलेत ढिगाने, पण त्यात सांगायचं ते येत नाहीये म्हणून आज रविवारी सरळ लिहायलाच बसलोय, चहा घेऊन वाच, लांबणार आहे.

तर ऑफिसला दोन दिवस सुट्टी मिळाली आणि सुराबायाहून ट्रेन पकडून इंडोनेशियाच्या जावा बेटावरच्याच योग्याकार्ताला गेलो, इथली माणसं लाडानं जोग्जा म्हणतात. तिथं सुलतानाचा राजवाडा आहे, त्याला क्रातोन म्हणतात, आणि सुलतान अजून आत राहतो बरं का, म्युझियम होऊन पडलेला वाडा नाहीये. आत फिरवायला एक म्हातारबाबा भेटले, ते अब्दी दालम, म्हणजे राजवाड्याचे सेवक. निळा-काळा पट्ट्यांचा सदरा, खाली बाटिक गुंडाळलेलं, पाठीमागे खोचलेला क्रिस, म्हणजे इथला खंजीर, आणि पाय अनवाणी. पगार म्हणशील तर नावापुरता, पण मान असा की बघत राहावं. मी इंडियन म्हणल्यावर त्यांनी मला एका दरवाज्यापाशी नेलं आणि भिंतीवर शेपट्या गुंफलेले दोन नाग दाखवून म्हणाले, वाचा.

मी म्हणलं, काय वाचू? नुसते नाग तर आहेत!

तर ते म्हणाले "द्वी नागा रासा तुंगाल". द्वी म्हणजे दोन, नाग म्हणजे आठ, रस म्हणजे सहा, तुंगाल म्हणजे एक, आणि आता उलटं वाचा. १६८२! वाडा पुरा झाल्याचं साल भिंतीवर चित्र म्हणून काढून ठेवलंय. पक्या, मला एकदम तुझे आजोबा आठवले, अंगणात बसून पोथीतलं साल सोडवताना "अंकानां वामतो गतिः", म्हणजे आकडे उलटे वाचायचे, असं म्हणायचे आणि आपण हसायचो. बाबा मला म्हणाले, तुम्ही तिकडचे, तुम्हाला हे यायला पाहिजे. मान खाली घातली राव.

आणि हे १६८२ म्हणजे शकेच, फक्त वाट वाकडी झालेलं. सुलतान आगुंग म्हणून मोठा राजा होऊन गेला, त्यानं १६३३ साली मुसलमानी चांद्र महिने घेतले पण सालाचा आकडा शके १५५५ होता तो तसाच पुढं चालू ठेवला. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी छोटं, म्हणून त्यांचा आकडा हळूहळू आपल्या पुढं पळत गेला. त्यांचं १६८२ म्हणजे इसवी १७५६, आपल्या पंचांगात तेव्हा शके १६७८ चालू होतं. मोहरमला हे सूरो म्हणतात, आणि त्या महिन्यात राजवाड्यातल्या जुन्या वस्तूंना अंघोळ घालतात. एक घोडागाडी आहे, तिला नाव आहे आणि नावाआधी "कांजेंग न्याई" असा मानही लावतात, तिला धुतलेलं पाणी बाटलीत भरून न्यायला लोकांची झुंबड उडते. आपण खंडेनवमीला गाडीला झेंडू लावतो, त्याच्या दोन पायऱ्या वर. क्रिसला नाव, वडाच्या झाडांना नाव, गामेलानच्या वाद्यसंचांनाही क्याई गुंतुर मादू असली नावं, म्हणजे मधाचा गडगडाट की काहीतरी.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नकोस. आधी सगळं एकच मातारामचं राज्य होतं. १७४२ मध्ये बंडखोरांनी कार्तासुराची राजधानी लुटली, मग दरबार सोलोला गेला, आणि मग भाऊबंदकी, मधे डच कंपनी, पुढचं तुला सांगायला नकोच. १३ फेब्रुवारी १७५५ ला ग्यांतीला तह होऊन राज्य दोन तुकडे झालं, आपल्याकडं नानासाहेब पेशव्यांचे दिवस. सोलोला पाकु बुवोनो, जोग्जाला हामेंगकु बुवोनो. बुवोनो म्हणजे आपलं भुवन, एकानं त्याला खिळा ठोकला आणि दुसऱ्यानं मांडीवर घेतलं, खरंच नावांचे अर्थ असेच आहेत! दोन वर्षांनी सोलोचाही एक तुकडा निघाला. डचांना हेच हवं होतं.

आता जे सांगायला बसलोय ते. बाबा बोलता बोलता म्हणाले, गेगेर सेपेहीच्या वेळी हे झालं, गेगेर सेपेहीच्या वेळी ते गेलं. गेगेर म्हणजे गोंधळ, दंगा, पण सेपेही काय? दोनदा ऐकल्यावर ट्यूब पेटली. शिपाई! १८११ मध्ये इंग्रजांनी जावा घेतलं, रॅफल्स लेफ्टनंट गव्हर्नर झाला, आणि जून १८१२ मध्ये त्यांनी या क्रातोनवर तोफा लावल्या. आत घुसलेल्यांत बंगाल आर्मीचे हिंदुस्थानी शिपाई होते, आणि जावातल्या लोकांनी त्या लुटीला नाव इंग्रजांचं नाही दिलं, शिपायांचं दिलं. सुलतान दुसरा पकडून पेनांगला हद्दपार, खजिना गेला, आणि ग्रंथालय तर झाडून नेलं. पोथ्या नेणाऱ्यांत कोण होता माहितीये? कर्नल मॅकेंझी, तोच, ज्यानं आपल्याकडं दक्षिणेत फिरून कैफियती गोळा केल्या आणि पुढं हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. पोथ्या अजून लंडनला. २०१९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं ७५ पोथ्यांच्या डिजिटल कॉपी सुलतानाला दिल्या. कॉपी! ज्याचं घर लुटलं त्यालाच झेरॉक्स, वर सोहळा.

मी इतके दिवस इथल्या लोकांना भेटलो की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमचं रामायण-महाभारत आमच्याकडचं". त्या दिवशी तोंड उघडवेना. त्यांनी त्याचं स्वतःचं केव्हाच केलंय, इथं द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको आहे आणि शिखंडी चक्क बाई आहे, श्रीकांडी, अर्जुनाची बायको, धनुष्य चालवणारी. आणि १८१२ ला आमच्याकडून काय आलं, तर शिपाई. बाबांनी मात्र हे सगळं इतक्या साधेपणानं सांगितलं, जशी काल पाऊस पडून छप्पर गळल्याची गोष्ट. पाचच वर्षांनी शनिवारवाड्यावर त्याच इंग्रज कंपनीचा झेंडा लागला, हे मी त्यांना सांगायला हवं होतं, सुचलं नाही.

मग हा दरबार टिकला कसा? मला वाटतं ते सगळं नववा सुलतान. लायडनला शिकलेला, १९४० ला गादीवर आला. ५ सप्टेंबर १९४५ ला त्यानं आपलं राज्य इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाचा भाग असल्याचं जाहीर केलं, १९४६ च्या जानेवारीत जकार्ता सोडावं लागलेल्या सरकारला जोग्जात घेतलं, गजा मादा विद्यापीठाचे वर्ग राजवाड्याच्या मांडवात भरवले. सोलोचा खास दर्जा १९४६ मध्येच गेला, जोग्जाचा राहिला, आणि आजही इथला गव्हर्नर सुलतानच, निवडणूक नाही, २०१२ चा कायदाच तसा आहे. लोकशाहीवाला म्हणून मला ते खटकतं, तूही भांडशील. आताच्या दहाव्या सुलतानाला पाच मुली, मुलगा नाही, त्यानं २०१५ ला थोरल्या मुलीला पुढं केलं तर भावांनी तोंड फिरवलं. आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात चाललं असतं तसंच.

संध्याकाळी मागच्या मैदानात गेलो. तिथं दोन वड आहेत, डोळे बांधून मधून सरळ चालत गेलास तर मन साफ, असं म्हणतात. मी छाती काढून निघालो आणि पट्टी काढली तेव्हा पार डावीकडं मीटबॉलच्या गाडीपाशी उभा. पोरं खदाखदा हसली. रात्री गुडेग खाल्लं, कोवळ्या फणसाची भाजी, नारळाच्या दुधात गुळासारख्या साखरेत तासन्‌तास शिजवलेली, इतकी गोड की कोकणातली तुझी आत्या पहिल्या घासाला ताट सारेल.

बरं, काम. आजोबांची ती लाल कापडाची वही अजून माळ्यावर असेल तर काढ ना, त्यात शब्दांचे आकडे लिहिलेले होते, नाग, रस, बाण, नेत्र वगैरे. त्या पानांचे फोटो पाठव, नीट उजेडात काढ. बाबांना दाखवायला पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.

तुझा,
बंड्या