आमच्या वयाची पुस्तके कोणी ठरवली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनी सुचवलेल्या आवडत्या पुस्तकांची यादी कालच्या पुरवणीत वाचली. शिफारस मागायला या वेळी आपण नटनट्यांकडे न जाता रोज पुस्तके हाताळणाऱ्या माणसांकडे गेलात, याबद्दल मनापासून आभार. पण त्या यादीचे वयाप्रमाणे तुकडे पाडून सगळ्यावर पाणी फिरवलेत. पाच वर्षांपर्यंत, सहा ते नऊ, दहा ते तेरा, असे करत शेवटी ‘साठीनंतर’. आणि साठीनंतर काय, तर अध्यात्म, आरोग्य आणि मनःशांती. मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला रहस्यकथा लागतात, समुद्रसफरींची वर्णने लागतात, आणि किडे-मुंग्यांवर नवीन काही आले की ते सगळ्यांच्या आधी हवे असते. माझ्या वयाच्या बाईला काय झेपेल, हे परस्पर ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा प्रकार मला नवा नाही. लहानपणी आमच्या ग्रंथालयात कपाटे बंद असत. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचे आणि आतून पुस्तक यायचे. मी ताऱ्यांवरच्या एका पुस्तकाचे नाव लिहून दिले. टेबलामागच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले, चिठ्ठीवर काट मारली आणि ‘हे मोठ्यांचं आहे’ म्हणून परीकथांचे पुस्तक पुढे सरकवले. ती काट मला अजून दिसते. मी तिथेच उभी राहिले. परत आलेली पुस्तके जागेवर लावणारे एक मदतनीस हे बघत होते. त्यांनी ते जाडजूड पुस्तक आणून माझ्यासमोर उघडले आणि म्हणाले, ‘आधी नकाशे बघ. मजकूर कळेल तेवढा वाच, बाकीचा राहू दे.’ मला निम्म्याहून अधिक कळले नाही. तरी त्यातला मृग नक्षत्राचा नकाशा मी वहीत उतरवून घेतला आणि त्यावरून आकाशात मृग शोधला. पुस्तकाची शिफारस म्हणजे काय, हे मी त्या माणसाकडून शिकले.

चांगला ग्रंथपाल वय विचारतच नाही. याआधी काय आवडले आणि त्यातले काय आवडले, हे विचारतो. एकच रहस्यकथा दोघांना आवडते. एकाला कोडे उलगडण्यासाठी, दुसऱ्याला त्यातल्या एकट्या राहणाऱ्या तपास अधिकाऱ्यासाठी. मग दोघांना पुढचे पुस्तक वेगवेगळेच द्यावे लागते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरे ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि तिसरे ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. यात वयोगट कुठे आला? अमेरिकेतील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी वयाचा विचार केला, तो मात्र वाचकाच्या बाजूने. पन्नाशीपर्यंत कोणत्याही पुस्तकाला पन्नास पाने द्या, त्यानंतर शंभरातून आपले वय वजा करून उरतील तेवढीच, असे त्या सांगतात. म्हणजे मी बत्तीस पानांनंतर पुस्तक खुशाल मिटू शकते. वय वाढले म्हणून त्यांनी माझे कपाट लहान केले नाही, माझी मुभा वाढवली.

आपल्या यादीत तर सुचवणाऱ्याचे नावही नाही. का आवडले याची एक ओळ नाही. त्यामुळे ही त्यांची खरी आवड आहे की रकाना भरायला दिलेली नावे आहेत, हे कळायला मार्ग नाही. ‘पहिली दोन प्रकरणे नेट धरा, मग पुस्तक खाली ठेववणार नाही’ एवढे जरी कोणी लिहिले असते, तरी मी आज ते मागायला गेले असते.

शिवाय जवळजवळ सगळी पुस्तके नवी. ताऱ्यांच्या त्या पुस्तकामागच्या तारखांच्या चिठ्ठीवर तीन-चारच शिक्के होते, आणि मला ते मिळाले तेव्हा शेवटचा शिक्काही बराच जुना झाला होता. आता अशी पुस्तके ‘मागणी नाही’ म्हणून बाद होतात आणि रद्दीत जातात. अहो, पुस्तक कपाटात आहे हेच कोणी सांगत नसेल तर मागणी येणार कुठून? आतल्या माणसांनी आवडीचे पुस्तक सांगायचे ते अशाच पुस्तकांसाठी. नव्या पुस्तकांची जाहिरात प्रकाशक करतातच.

पुढच्या वेळी कृपया वयाचे रकाने काढून टाका आणि सुचवणाऱ्याचे नाव व दोन ओळी छापा. दहा पुस्तके कमी दिलीत तरी चालेल. आणि अक्षर मोठे ठेवा. ‘साठीनंतर’ची चौकट आपण राखाडी पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापली आहे. मला ती भिंग घेऊन वाचावी लागली.

आपली नियमित वाचक