सातबारा नाही, म्हणून यादीत नाव नाही?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ च्या महापुरावर आपल्या दैनिकात बरंच छापून आलं. खरडून गेलेली रानं, शेंगेतच कोंब फुटलेलं सोयाबीन, दावणीला मेलेली जनावरं, सगळं आलं. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यांच्याबद्दल मात्र फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी लातूर जिल्ह्यात मांजरा नदीकाठच्या एका गावात राहते, अंगणवाडीत काम करते. आमची ख्रिस्ती वस्ती गावाच्या उताराला, पंचवीसेक घरांची. बहुतेकांचं पोट मजुरीवर, पाच-सहा घरं बटईनं, म्हणजे दुसऱ्याचं रान वाट्यानं, करतात. मधोमध पत्र्याचं चर्च. वरून पाऊस थांबेना आणि धरणाचे दरवाजे उघडलेले, त्या रात्री पाणी आधी चर्चमध्ये शिरलं, मग घरांत. लेकरं-म्हातारी माणसं घेऊन आम्ही विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात गेलो. तीन दिवस हरिपाठाच्या मंडळींनी आम्हाला रांधून घातलं. ते आम्ही कधी विसरणार नाही.

पाणी उतरलं तेव्हा गुडघाभर गाळ. पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, चर्चला हात सगळ्यात शेवटी लावायचा. एकट्या राहणाऱ्या एका आत्याबाईंचं घर आधी, मग बाळंतिणीचं, मग बाकीची. बायकांनी लिंबाखाली एकच चूल मांडली, ज्याच्या घरात जे कोरडं राहिलं ते त्यात पडलं. आमची पोरं वस्ती झाल्यावर शेजारच्या गल्लीतला गाळही ओढायला गेली. पाच रविवार उपासना त्या लिंबाखालीच झाली. पेटीचा भाता कुजला होता, पोरांनी टाळ्यांवर गाणी म्हटली.

चर्च उघडलं तेव्हा लोखंडी कपाटातली नोंदवही हाती आली. बाप्तिस्मा, लग्न, मयत, तीन पिढ्यांच्या नोंदी दौतीच्या निळ्या शाईनं लिहिलेल्या. पानं चिकटून नुसती वीट झाली होती. आम्ही चौघीजणींनी सुरीच्या बोथट बाजूनं एकेक पान सुटं केलं आणि मध्ये रद्दी घातली. आपल्याच दैनिकाचे अंक होते ते. दोन दिवसांनी पाहिलं तर शाई पानावरून उतरून रद्दीवर उमटलेली, नावं उलटी. एकीनं आरसा धरला, दुसरीनं वाचलं, मी नव्या वहीत उतरवून घेतलं.

जे आरशातही दिसेना ते आठवणीतून काढलं. रोज संध्याकाळी म्हाताऱ्या येऊन बसायच्या. "लिव माय, ह्याच्या वक्ताला जवारीवर काणी पडली होती," असं एक सांगायची, की दुसरी साल जुळवायची. कुणी भूकंपाच्या आदल्या सालचा निघायचा. घरात अजून ओल, अंथरूण धड नाही, तरी त्या बायका त्या अर्ध्या तासासाठी यायच्याच. मला वाटतं, गाळ काढल्यानं घरं उभी राहिली आणि या वहीपाशी आम्ही.

भूकंप म्हटला की माझा जीव अजून गोळा होतो. माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, आमच्या दगडमातीच्या भिंती बसल्या तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. तेव्हा घराचं माप जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्यांना २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. वडिलांना जमीन नव्हती, म्हणून आमच्या आठ माणसांच्या वाट्याला अडीचशे फूट आले. डोक्यावर पक्कं छप्पर आलं याबद्दल वडिलांनी सरकारचे आभारच मानले, मीही मानते. पण मेलेली माणसं कुणाच्या घरची किती, याचा त्या मापाशी काय संबंध होता?

आज ३२ वर्षांनी माप तेच. ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. शेतकऱ्याला ते मिळायलाच हवं, त्याचं नुकसान आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण पिकाची मदत हेक्टरवर आणि खातेदाराच्या नावावर. बटईदारानं बी-खतात निम्मा पैसा घातला, सातबाऱ्यावर तो कुठेच नाही. आमच्या इथे एका मालकानं निम्मी रक्कम स्वतः आणून दिली. देव त्यांचं भलं करो. पण हे ज्याच्या-त्याच्या मनाच्या मोठेपणावर सोडून कसं चालेल? आणि ज्या टोळ्या सोयाबीन काढणीचं उक्तं घेऊन वर्षाची ज्वारी भरतात, त्यांचा तर हंगामच वाहून गेला. पंचनाम्याला आलेल्यांनी घरात पाणी शिरल्याची नोंद केली. बुडालेल्या मजुरीचं विचारलं तर त्याला रकाना नाही म्हणाले.

रकाना आहे. आपत्ती निधीच्या निकषांतच उपजीविका गेलेल्या कुटुंबातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या मजुरीच्या दरानं मदत देण्याची तरतूद आहे. ती आमच्या गावात कुणाला मिळाल्याचं मी ऐकलं नाही. आपल्या वार्ताहरांनी आसपासच्या गावांत हे विचारावं, एवढीच विनंती.

जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं, ते निजाम सरकारकडून जमीन मिळवून. प्रार्थनेइतकीच पायाखालची जमीन गरजेची, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

चर्चच्या नव्या पत्र्यांसाठी साठवलेले पैसे मंडळीनं हरभऱ्याच्या बियाण्याला दिले. बटईवाल्या घरांना, त्यात चर्चमध्ये न येणारी तीन घरंही आहेत. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये अर्पण केलेल्या पिकाचा लिलाव होतो; या वर्षी लिलावाला काही नव्हतं, तरी सण केला. जुने पत्रे ठोकून बसवलेत, नाताळची उपासना आतच होईल. काही घरं ऊसतोडीला गेली आहेत, ती मात्र या वर्षी नसतील.

नवी वही पूर्ण होत आली आहे. वस्तीतलं प्रत्येक नाव, वय, कोण कुठे मजुरीला जातं, सगळं आम्ही तिच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलंय. पंचनाम्याला पुन्हा कुणी येणार असेल, तर ती पानं द्यायला आम्ही तयार आहोत.

आपली,
एक वाचक, मांजराकाठ, जि. लातूर