देखरेख कोणाची आणि कोणाच्या मर्जीने? कॅलिफोर्नियाच्या शिक्षण अधीक्षकांना खुले पत्र

मा. राज्य शिक्षण अधीक्षक, कॅलिफोर्निया यांस,

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत सॅक्रामेंटोला आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. इथे मराठीत लिहितो आहे ते फ्रीमाँटपासून सॅन रमोनपर्यंत पसरलेल्या आमच्या मराठी मंडळींनीही वाचावं म्हणून. घर घेताना शाळेचं रेटिंग आम्ही दहादा तपासतो, पण प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर शाळेच्या बाँडची, म्हणजे शाळांच्या बांधकामासाठी काढलेल्या कर्जाची, जी वेगळी ओळ असते तिच्यावर कोणाची नजर थांबत नाही. त्या ओळीतून फेडल्या जाणाऱ्या कर्जाच्या खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या नागरिक समितीत मी आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, बसतो. डिस्ट्रिक्टचं नाव घेत नाही, कारण माझी तक्रार कायद्याच्या बांधणीबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी बाँडच्या विरोधात नाही. आजवर माझ्या मतपत्रिकेवर शाळेचा बाँड आला तेव्हा मी 'हो'च म्हटलं आहे आणि पुढेही म्हणेन.

आपल्याला ठाऊकच आहे, पण वाचकांसाठी सांगतो. पूर्वी शाळेच्या बाँडला दोन तृतीयांश मतं लागत. मार्च २००० मध्ये प्रपोझिशन २६ ने, म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेल्या प्रस्तावाने, साधं बहुमत मागितलं. मतदारांनी ते फेटाळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रपोझिशन ३९ आलं. त्यात मागणी ५५ टक्के मतांची होती आणि बदल्यात हमी होती: कामांची यादी आधी जाहीर करू, पैसा शिक्षकांच्या पगारावर किंवा रोजच्या खर्चावर जाणार नाही, दरवर्षी दोन ऑडिट होतील. सोबतच्या कायद्याने नागरिकांची स्वतंत्र समितीही बंधनकारक केली. लोकांनी हा सौदा मान्य केला. म्हणजे ही समिती डिस्ट्रिक्टची मेहेरबानी नाही, मतांच्या मोबदल्यात दिलेला तो शब्द आहे.

समितीत किमान सात जण. ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला एक, व्यापाऱ्यांच्या संघटनेतला एक, करदात्यांच्या संघटनेतला एक, एक पालक, पालक-शिक्षक संघटनेत काम करणारा आणखी एक पालक, वगैरे. डिस्ट्रिक्टचे नोकर नकोत, ठेकेदार नकोत, सल्लागार नकोत. मानधन नाही. कागदावर सगळं चोख. फक्त या सातांची नेमणूक करतं डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणारं तेच बोर्ड, ज्याच्या खर्चावर त्यांनी लक्ष ठेवायचं! आमच्याकडे करदात्यांच्या संघटनेची खुर्ची बराच काळ रिकामी होती आणि ती भरायची कोणाला घाईही नव्हती.

लॉस एंजेलिसमध्ये काय झालं ते आठवा. २०१३ मध्ये तिथल्या डिस्ट्रिक्टने प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड द्यायचा घाट घातला, तोही बांधकामाच्या बाँडमधून. अब्ज डॉलरांच्या वरची योजना. दोन-तीन वर्षांत जुन्या होणाऱ्या यंत्रासाठी पंचवीस-तीस वर्षं फेडायचं कर्ज का, असा साधा प्रश्न होता. देखरेख समितीतले एक वास्तुविशारद सभासद या योजनेचे टीकाकार होते. २०१४ मध्ये त्यांच्या फेरनेमणुकीची वेळ आली तेव्हा बोर्डाने नकार दिला. गदारोळ झाल्यावर त्यांना परत घेतलं आणि ऑगस्टमध्ये तो करारच थांबवावा लागला. सभासदाचं म्हणणं चूक असतं तरीही, टीका केली म्हणून त्याला घरी पाठवायचा अधिकार बोर्डाकडे का असावा?

आता आमच्या बैठकीतला एक प्रसंग. तीन महिन्यांच्या खर्चाचा तक्ता समोर होता. एका जिमच्या छपराच्या कामात चेंज ऑर्डर होती, म्हणजे ठेकेदाराला वाढीव पैसे. कारणाच्या रकान्यात फक्त 'अनपेक्षित परिस्थिती'. मी विचारलं, काय निघालं? छप्पर उघडल्यावर कुजलेलं लाकूड निघालं म्हणे. ठीक आहे, जुनी इमारत, निघतं लाकूड कुजलेलं. पण डिझाइनच्या आधी पैसे मोजून करून घेतलेला पाहणी अहवाल मी वाचला होता आणि त्यात त्याच छपराच्या गळतीची नोंद होती. गळती माहीत असताना कुजणं अनपेक्षित कसं? उत्तर सौम्य आवाजात आलं: बोर्डाने मंजुरी दिली आहे, पैसे गेले आहेत, आणि खर्च यादीतल्याच कामावर झाला की नाही एवढंच समितीने बघायचं आहे. इतिवृत्तात नोंद झाली, 'सभासदाने छपराबाबत माहिती घेतली.' राग येण्यासारखी गोष्ट ही, की हा प्रकार कायद्यात बसतो. खर्च तपासून लोकांना कळवणं यापलीकडे समितीला काहीही थांबवता येत नाही. ३० जूनला संपलेल्या वर्षाचं ऑडिट तिच्या हाती पुढच्या ३१ मार्चपर्यंत दिलं तरी चालतं. वरातीमागून घोडं, आणि घोडं निवडणारंही बोर्डच, कारण ऑडिटर तेच नेमतं.

शिवाय पैसा कुठे गेला हे बघणारी समिती तो कोणत्या दराने उचलला हे बघतच नाही. सॅन दिएगो काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) पोवे डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये सुमारे साडेदहा कोटी डॉलर उभे केले. पहिली वीस वर्षं एक छदामही फेडायचा नाही अशी सोय, आणि २०५१ पर्यंत परतफेड होणार सुमारे ९८ कोटींची. आज तिथे बालवाडीत असलेली मुलं स्वतः करदाते झाल्यावर ते बिल भरतील. बोभाटा झाला तेव्हा २०१३ मध्ये विधिमंडळाने असल्या बाँडांना २५ वर्षांच्या मुदतीची आणि मुद्दलाच्या चौपट परतफेडीची मर्यादा घातली. बरं झालं, पण चौपट परतफेडीचा प्रस्ताव मतदानाला यायच्या आधी नागरिक समितीसमोर ठेवा, असं अजूनही कोणी म्हणत नाही.

याच राज्यात दुसरं उदाहरणही आहे. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला आणि शाळांच्या इमारती कोसळल्या. मुलं घरी होती म्हणून वाचली. महिन्याभरात फील्ड कायदा झाला. तेव्हापासून शाळेचा आराखडा राज्याकडून तपासून घ्यावा लागतो आणि कामावर इन्स्पेक्टर असतो. त्याचा पगार डिस्ट्रिक्टच देतं, पण त्याला मान्यता राज्याची लागते, त्यामुळे त्याची मान डिस्ट्रिक्टच्या हातात नसते. भिंतीसाठी जमलं ते हिशेबासाठी का जमू नये?

माझं मागणं याच धर्तीवर आहे. ऑडिटरचे पैसे डिस्ट्रिक्टने द्यावेत, पण नाव काउंटीच्या यादीतून यावं आणि निवड समितीने करावी. सभासदांची नेमणूकही काउंटीच्या शिक्षण कार्यालयाकडे जावी. ठरावीक रकमेवरची प्रत्येक चेंज ऑर्डर बोर्डापुढे जाण्याआधी समितीला दिसावी. थांबवायचा अधिकार नको, दिसू तरी द्या. आमच्याकडे महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि त्यांना पालकसभा निवडते. तिथेही घरोघर फिरून सह्या घेणारे महाभाग आहेतच, तो भाग वेगळा. पण निवड निदान मुख्याध्यापकाच्या खिशात नसते.

सरकारी कारभार तपासणाऱ्या राज्याच्या लिटल हूवर आयोगाने बाँडच्या देखरेखीवर २००९ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये अहवाल दिले, सभासदांना प्रशिक्षण हवं हेही सांगितलं. मी रुजू झालो तेव्हा मला एक फाइल आणि पार्किंगचा नकाशा मिळाला.

कायदा बदलणं विधिमंडळाचं काम, हे मला कळतं. पण विधेयक सुचवायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही, आणि शाळा बांधणीला राज्याचा निधी वाटणाऱ्या मंडळावर आपण पदसिद्ध सभासद आहात. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रपोझिशन २ मंजूर होऊन दहा अब्ज डॉलरांचे बाँड आले आहेत. ज्या डिस्ट्रिक्टची समिती अपुरी आहे किंवा तिचे अहवाल वेबसाइटवर नाहीत, त्याची नावानिशी यादी त्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडावी, एवढी विनंती. त्याला नवा कायदा लागत नाही.

आपला,
बाँड देखरेख समितीचा एक सभासद,
बे एरिया