भांडुपच्या काकांना, कासवाकडून आणि वरवंट्याकडून

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय नाटकाची प्रॉपर्टी करणारी माझ्यासारखी बरीच मंडळी आता हा दोन डब्यांचा, मिक्स करून मोल्डमध्ये ओतायचा फोम वापरायला लागलीत, तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांनाही कळू दे.

पहिला फोन मी मे महिन्यात रात्री साडेदहाला केला होता, ओळख ना पाळख, तुम्ही फोमच्या स्कूटर सीटा बनवता म्हणून मैत्रिणीच्या बाबांकडून नंबर मिळालेला. बालनाट्य बसत होतं. त्यात एक मोठं कासव आहे, ज्याच्या पाठीवर सशाचं काम करणारा सात वर्षांचा मुलगा उडी मारून बसतो, आणि एक भला मोठा वरवंटा, जो आजीच्या हातून सुटून कोल्ह्याच्या डोक्यात पडतो. मी दोन्हीसाठी एकच फोम आणला, सगळ्यात हलका, कारण तो जास्त फुगतो, माल कमी लागतो, पैसे वाचतात. वरवंटा मस्त झाला. पण तालमीत त्या मुलाने कासवावर उडी मारली आणि फोम पार तळाला टेकला, खालच्या प्लायवर त्याचं माकडहाड आपटलं. रडला नाही बिचारा, पण उठायला वेळ लागला. त्या रात्री मला झोप येईना, म्हणून तो फोन.

तुम्ही आधी विचारलंत, "डब्यावर नंबर किती?" म्हटलं ३. "आणि सोफ्याचा फोम घेतेस तेव्हा काय मागतेस?" म्हटलं ३२ नाहीतर ४० डेन्सिटी. मग तुम्ही शांतपणे समजावलंत की गादीवाला सांगतो तो आकडा म्हणजे एका घनमीटरला किती किलो, आणि बाहेरून येणाऱ्या या कास्टिंग फोमचा नंबर म्हणजे बहुतेक वेळा एका घनफुटाला किती पौंड, आणि तिथला १ म्हणजे आपल्याकडचे साधारण १६. म्हणजे ३ नंबर झाला ४८, ८ नंबर १२८ आणि १५ नंबर २४०. मी १० नंबरला ४० डेन्सिटीपेक्षा हलका समजत होते, तो निघाला चौपट जड! हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या पोराला लागलं नसतं, हे अजून मनात सलतं.

त्यात तुमची दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एकाच डेन्सिटीचा एक फोम मऊ असतो आणि दुसरा कडक, म्हणून नुसता आकडा वाचून माल उचलायचा नाही, कागदी कपात थोडासा ओतायचा, वर तारीख लिहायची आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याने दाबून बघायचा. आता गाळ्यातल्या फळीवर माझे एकोणीस कप आहेत.

आणि तांदूळ! मोल्डमध्ये किती माल ओतायचा हे मी नजरेने ठरवायचे. तुम्ही म्हणालात मोल्डमध्ये तांदूळ भर आणि लिटरच्या मापाने मोज, पाणी नको, ओल राहते. कासवाची पाठ भरली ९ लिटर. ८ नंबरच्या हिशोबाने ११५२ ग्रॅम, पण डब्यावरचा आकडा उघड्या कपात मोकळा फुगलेल्या फोमचा असतो, बंद मोल्डमध्ये थोडा जास्त घातला तरच कोपरे भरतात आणि वरची कातडी घट्ट येते, म्हणून १३५० ओतला. झाकणाला बारीक भोकं पाडली हवा जायला आणि चारी बाजूंनी क्लॅम्प आवळले, कारण फुगताना तो झाकण उचलतो हे मी स्वतः पाहिलंय. मोल्ड फायबरचा होता, आधीच्या वेळी वॅक्स नीट न लावल्यामुळे फोम पटाशीने खरवडून काढावा लागला होता, या वेळी कानाकोपऱ्यात दोनदा लावलं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि सगळं पुन्हा बिघडलं. फोम फुगायचा आणि मधेच बसायचा, आत ही मोठाली भोकं. तुम्ही भांडुपहून स्लो पकडून वडाळ्याच्या गाळ्यात आलात, एवढ्या पावसात, गुडघा दुखत असताना, आणि डबा बघून लगेच म्हणालात की झाकण नीट लावलेलं नाही. एका डब्यातलं पॉलिऑल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी दुसऱ्या डब्यातल्या आयसोसायनेटला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, फोम फुगतो तोच मुळी त्या गॅसवर, पण ते पाणी कंपनीने मोजून घातलेलं असतं, आपल्या मुंबईच्या हवेने त्यात भर घातली की सगळं गणित चुकतं. आता ओतून झालं की पहिलं काम झाकण, डबे एसीच्या खोलीत, बाहेर काढल्यावर गार डबा लगेच उघडायचा नाही नाहीतर आत दव धरतं, आणि बी चा, म्हणजे पॉलिऑलचा, डबा दर वेळी तळापासून ढवळायचा.

मोल्डमधून काढल्या काढल्या फोम दाबून काढायचा, हे तर मी कुठेच वाचलं नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं स्कूटरच्या सीटा काढल्यात, तुमच्या हातांना ते माहीत. आतले बुडबुडे बंद राहिले तर गार होताना फोम आकसतो, म्हणून गरम असतानाच दाबून ते फोडायचे. तुम्ही ती पाठ दोन्ही हातांनी चेपत होतात तेव्हा कणिक मळणाऱ्या माझ्या आईची आठवण झाली.

त्या दिवशी तुम्ही मला ओरडलातही. मी साधा कापडी मास्क लावून ओतत होते आणि आमच्यातला दम्याचा त्रास असलेला मुलगा शेजारीच उभा. आयसोसायनेटने दमा उसळतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास होतो, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. मी विचारलं नाही, पण तुमच्याबरोबर काम करणाऱ्या कुणाची तरी आठवण असावी. दुसऱ्याच दिवशी कार्ट्रिजचे मास्क, गॉगल आणि ग्लोव्हज आणले, आता ओतताना मुलांना गाळ्यात घेत नाही. गरम तारेने कापणं बंद केलं. शेवटच्या प्रवेशातलं खरं निरांजनही काढलं, बॅटरीवरचं लावलं, कारण हा फोम पेटला तर धूरच आधी जीव घेतो हे तुम्ही सांगितलंत. दिग्दर्शकाशी त्यावरून वाद झाला, पण मी मागे हटले नाही.

ससा आता एका प्रयोगात तीनदा उडी मारतो काका. पाठ ८ नंबरची, पायाच्या कडा १५ च्या, आणि वरवंटा तोच जुना ३ चा, नुसत्या फोमचं वजन ७२ ग्रॅम, कोल्ह्याला लागतच नाही आणि पोरं खिदळतात.

पुढच्या रविवारी सकाळी शिवाजी मंदिरला प्रयोग आहे. तुमची आणि काकूंची तिकिटं काढलीत, तिसऱ्या रांगेतली, कडेची, गुडघा सरळ ठेवता येईल अशी. आणि एक कप घेऊन येतेय, ५ नंबरचा, बाकी सगळा चांगला आलाय पण एकाच बाजूने आकसलाय, का ते काही केल्या कळत नाहीये. मध्यंतरात बघाल का?

तुमची,
वडाळ्याच्या गाळ्यातली पोरगी